अठरा फूट चार इंच

"जुनी गोधडी दी गो. जाडी व्हयी. आणि छत्री."

सकाळचे सात वाजले होते. आमचे हे दारात सायकल धरून उभे, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. पाचला गेलेला माणूस दुपारी जेवायच्या आधी कधी परत यायचा नाही.

"छत्री? माघात?"

"वेसाव्याक देवमासो लागलो हा. रेतीत. जितो आसा."

मी चहा गाळत होते, ती थांबलेच. कारण आमच्या घरात असली वाक्यं बोलायचं काम माझं. यांचं काम ती खोडायचं.

हे मासळीच्या सरकारी ऑफिसात मोजणीदार. बावीस वर्षं पहाटे बंदरावर जायचं, होड्या आल्या की टोपलीतली मासळी टेपने मोजायची आणि वहीत लिहायचं. पापलेट इतका, घोळ इतकी, सुरमई इतकी. खिशात पाकीट नसेल एखाद्या दिवशी, पण टेप असायचीच. मी नळावर बायांना सांगायचे, "काल बंदरावर घोळ आली, या दारातून आत येणार नाही एवढी. पोटात सोन्याची पाटली." की मागून यांचा आवाज, "तीन फूट दोन इंच. पाटली नाय, चिखल होतो." सगळी चाळ हसायची. आमचा संसार असाच चालला. मी फुगवायचं, यांनी टाचणी लावायची.

एक मात्र खरं. यांच्या वहीतला मासा वर्षावर्षाला लहान होत गेला. लग्नानंतर पहिल्यांदा आणलेला पापलेट ताटाबाहेर गेला होता. चौऱ्याऐंशी साली बशीत मावायला लागला. "मोठी ऱ्हवलीच नाय गो," हे म्हणायचे, "आता पोरां धरतत." म्हणून मी सांगताना मोठा करायचे. कुणीतरी करायला नको?

तर त्या दिवशी ह्यांनी चहाही घेतला नाही. गोधडी सायकलला बांधली. "अष्टमी आज. भरती सांजेक सहा वाजून धा मिनटांनी. तवसर तो ओलो रवाक व्हयो, उन्हात सुकलो तर मेलो. पानी चढला की लवू होडी घेऊन येतलो, दोर लावतलो." लवू म्हणजे वेसाव्याचा नाखवा, यांचा दोस्त. मग जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि खय बोलू नको."

सगळ्या संसारात हे असं कधी म्हणाले नव्हते.

मी नळापर्यंत गप्प होते. आता आंबोलीची आमची चाळ, दहा बाय बाराच्या वीस खोल्या, नळ एक. तिथे रांगेत उभं राहून तोंड बंद ठेवायचं म्हणजे काय ते मला विचारा. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे खरी गोष्ट होती.

"वेसाव्याला देवमासा आलाय," मी म्हटलं. "जिवंत."

शेजारची प्रेमा हंडा विसळत होती. "काय माणिककाकू, आज सकाळी सकाळीच? किती फुटी?"

सगळ्या हसल्या. मी शपथ घेतली तर आणखी हसल्या. मला राग आला हो. खोटं सांगितलं की कान टवकारतात, खरं सांगितलं तर फिदीफिदी. मग मी माझ्या पद्धतीने सांगितलं.

"हसा. त्याच्या टाळूवर भोक आहे, पिंडीवर असावं तसं. त्यातून कारंजं उडतं. महाशिवरात्र आठवड्यावर आली आणि हा आपणहून चालत आला, ते काय उगाच? त्या भोकात लोटाभर पाणी घातलं, उडालेलं अंगावर घेतलं, की दुखणं गेलं. गुडघे, कंबर, काय वाट्टेल ते."

प्रेमाचे गुडघे दोन वर्षं धरले होते. तिने हंडा खाली ठेवला.

अकरा वाजता यांचा डबा घेऊन मी वेसाव्याला गेले. बसमध्ये बायांच्या हातात लोटे, कळशा, कुणाकडे बेल, कुणाकडे हळदकुंकू.

पाणी लांब गेलं होतं. मध्ये नुसती ओली रेती आणि तिच्यावर माणसांचं कडं. कड्यात घुसायला मला पाव तास लागला. आत तो होता. काळा, तुकतुकीत, पोट रेतीत रुतलेलं. पाठीवर आमच्या घरची गोधडी, ओली. डोळा बैलासारखा, आणि बघत होता. डोक्यावर कुंकू, फुलं, बेल. आणि डोक्याशी आमचे हे छत्री उघडून उभे. स्वतः उन्हात, छत्री त्या भोकावर.

"तां नाक हा त्याचां," हे सांगत होते. घसा बसला होता. "माणसासारखो श्वास घेता तो. पाठीर ओता, कितीय ओता. नाकात नको."

छत्रीखालून एक हात आला आणि लोटा रिकामा झाला. भोक मिटलं, मग फुस्स करून उघडलं, पाणी उडालं. "कारंजं," बाया म्हणाल्या आणि पदर पुढे केले. एक हवालदार आला होता, त्यानेही टोपी काढून हात जोडले.

"ऑफिसातून कुणी नाही आलं?" मी विचारलं.

"सायेब भायरगावी. फोन केलंय." मग घड्याळात बघून म्हणाले, "सकाळी मिनटाक एक श्वास होतो. आता दोन मिनटांनी येता."

तेवढ्यात प्रेमा पुढे आली, कळशी घेऊन. हे तिच्या आडवे आले. "अहो काका, सरका ना. काकूंनीच सांगितलं, भोकात घाला म्हणून."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं बघितलं, वहीतला एखादा आकडा चुकला की बघायचे तसं.

मी प्रेमाचा हात धरला. "बाई, कोपतो तो. मघाशी एकीने घातलं, तिची वाचा गेली."

"कुठाय ती?"

मला कुणी दाखवता येईना. प्रेमा हसली. "काकू, थापा नको हां आता."

मग मी खरं बोलले. मोठ्याने, सगळ्यांसमोर. "बायांनो, मी थाप मारली. दुखणंबिखणं काही जात नाही. हे सांगतात तेच खरं. ते नाक आहे त्याचं, मरेल तो."

मागून एक बाई दुसरीला म्हणाली, "हिला पाणी मिळालं वाटतं. आता आपल्याला नको म्हणते."

दोन पावलं मागे जावं म्हटलं तर मागे माणसं. पुढे तो. कडं इतकं आवळलं होतं की हात वर काढता येईना. लवू बाहेरून ओरडत होता, वाट द्या, दोर बांधायचाय. कुणी हललं नाही. आत आम्ही तिघं. मी, हे आणि तो. माझी सकाळची गोष्ट माझ्याआधी सगळ्या अंधेरीत पोचली होती, आणि जी ऐकून येई ती तीच मला परत ऐकवी. "भोकात घालायचं, माहितीय ना आजी?"

मी यांच्या शेजारी उभी राहिले आणि पदर ताणून धरला. छत्री आणि पदर. दोन वाजेपर्यंत आम्ही बरंच अडवलं. डबा कुठे तुडवला गेला कळलं नाही. हे आकडे सांगत होते. तीन मिनिटं. साडेतीन. पाच.

पावणेचारला कुणीतरी मागून उंच हंडा उचलला आणि छत्रीवरून अख्खा ओतला. छत्रीची काडी मोडली. भोक मिटलं.

हे घड्याळ बघत राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मग त्यांनी त्या डोळ्यातली रेती बोटाने काढली, हळूच, झोपलेल्या पोराच्या काढावी तशी. डोळा हलला नाही.

"सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

"सांगलंय सकाळपासून," हे म्हणाले.

तरी लोटे येतच होते. आता कारंजं उडत नव्हतं, तर बाया म्हणाल्या, देवाने पाणी पिऊन घेतलं.

सहाच्या सुमाराला पाणी चढलं. आधी शेपटीखाली शिरलं, मग शेपूट उचललं. लाटेबरोबर ते डावीकडे गेलं, उजवीकडे आलं. "हलला, हलला," सगळ्या किनाऱ्याने हात जोडले. पाणी पायाशी आलं तसे लोक पांगले, खुशीत. प्रेमा जाताना तरातरा चालत होती.

माणसं गेल्यावर ह्यांनी खिशातून टेप काढली. एक टोक माझ्या हातात दिलं, तोंडाशी धरायला. आपण पाण्यात शेपटीपर्यंत गेले.

"अठरा फूट चार इंच," तिकडून म्हणाले. "पोर हा गो."

चाळीत बाया विचारायच्या, काकू, मग तो गेला का परत? मी म्हणायचे, दूध उतू जातंय. तीन महिने मी नळावर एक गोष्ट सांगितली नाही. लोकांना वाटलं मी आजारी आहे.

मे महिन्यात मुलुंडहून लेकीची शुभा राहायला आली, सात वर्षांची. रात्री जेवताना म्हणाली, "आजी, तो देवमासा सांग ना. प्रेमामावशी म्हणाली तुम्ही बघितला."

मी भात कालवत राहिले. ती ऐकेना. मग सांगायला लागले. चाळीस फुटी केला. डोळा परातीएवढा केला. माणसांचं कडं गाळलं, लोटे गाळले. नुसता समुद्र ठेवला, आणि छत्री धरलेले आजोबा. आणि बोलता बोलता त्या जागेशी आले, जिथून पुढे मला जाता येईना.

"मग?" शुभा म्हणाली. "मग भरती आली?"

"आली."

"आणि तो गेला?"

मी यांच्याकडे बघितलं नाही. पण टाचणीची वाट बघत होते. खरं सांगते, मला ती हवी होती.

"गेला," मी म्हटलं. "शेपूट हलवत."

"आजोबा, आजी खरं सांगते?"

हे ताटातला पापलेट सोडवत होते. तळहाताएवढा होता. मधला काटा त्यांनी अलगद काढला, मासा शुभाच्या ताटात ठेवला.

"सहा वाजून धा मिनटांनी," हे म्हणाले. "मी बघलंय."