मी बंब आहे, दिवा नाही

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. भंगार म्हणा, तेही ऐकून घेईन. पण 'अँटिक' म्हणालात तर तोटी उघडून पायावर कढत पाणी सोडीन. मी सेलूच्या एका घरातला तांब्याचा बंब आहे. पाणी तापवणे हे माझे काम. ते मी कधी सोडले नाही. घरच्यांनी मला सोडले होते. या दोन्हींत फरक आहे.

माझा जन्म जिंतूरला, एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने पत्रा ठोकून ठोकून मला पोट दिले. पोटात पाणी राहते. पाण्याच्या मधोमध एक नळकांडे उभे आरपार जाते, त्याच्या तळाशी जाळी आणि जाळीवर विस्तव. धूर नळकांड्यातून वर निघतो आणि जाता जाता भोवतालचे पाणी तापवून जातो. पोटात पाणी आणि त्या पाण्याच्या पोटात आग घेऊन गप्प उभे राहणे सगळ्यांना जमत नाही. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांकडे बघा, म्हणजे पटेल.

बोरीच्या बायनाबाईच्या लग्नात मी आंदण म्हणून सेलूला आलो. मांडवात बायका नवरदेवापेक्षा मलाच जास्त निरखत होत्या. त्यांचे बरोबर होते. मला वाजवून बघता येत होते, नवरदेवाला येत नव्हते.

मग कामाची वर्षे सुरू झाली. कधी कापसाच्या पऱ्हाट्या, कधी तुरीच्या तुराट्या, पावसाळ्यात ओलसर गोवऱ्या. जे मिळेल ते खाऊन मी पाणी दिले. आधी सासरे, मग दीर, मग शाळेची पोरे, आणि तळाला काही उरलेच तर बायनाबाई. ती मला चिंच आणि राख लावून घासायची, तेव्हा पाहुणे माझ्यात बघून भांग पाडत. बादलीत आधी माझे कढत पाणी पडे, मग गार पाण्याचे विसण. हा क्रम या घरात कधी चुकला नाही, कारण उलटा क्रम मेलेल्या माणसासाठी असतो.

पुढे बायनाबाईच्या मुलाने, शिवशंकरने, गिझर आणला. त्याच्या नळातून गरम आणि गार एकदमच पडते. त्यामुळे माणूस जिवंत आहे की कसे, हे ठरवायची सोय राहिली नाही. मी जिन्याखाली गेलो. माझ्या डोक्यावर कांद्याची टोपली आली. टोपलीखालच्या फटीतून शिरून चिमणीने नळकांड्यात घरटे केले. तिने भाडे दिले नाही, पण निदान बोलत तरी होती. पुढे तीही गेली आणि घरटे तेवढे राहिले.

मग एके दिवशी शिवशंकरने परभणीच्या एका हॉटेलात माझ्यासारख्याच एका बंबाचा दिवा केलेला पाहिला. पोटाला भोक, भोकात बल्ब, वर टोपी. घरी येऊन तो माझ्याभोवती फिरला, माझ्या पोटावर खडूने गोल काढला आणि म्हणाला, "माय, बारशाच्या आधी ह्याचा लॅम्प करून टाकू. पाव्हणे बघतच राहतेल."

"पाव्हणे बाळ बघायला यायलेत का बंब?" बायनाबाई म्हणाली.

"अँटिक पीस हाय माय हा."

"मग मी बी तीच हाय. माझ्या बी पोटात बल्ब लाव."

बारसे होते सविताच्या मुलीचे. सविता म्हणजे शिवशंकरची बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस थंडीचे, सविताची कंबर दुखणारी, आणि नेमक्या त्याच आठवड्यात गिझरने मान टाकली. पाणी येई ते विसरून राहिलेल्या चहासारखे. गच्चीवरचा सोलर तर आधीपासूनच नावाला होता. बोअरच्या जड पाण्याने त्याच्या नळ्या आतून चुन्याच्या झाल्या होत्या.

योगीराज नावाचा फिटर आला. त्याने गिझरच्या नळाखाली हात धरला आणि विचार केला. "मावशी, गिझर चांगला हाय," तो म्हणाला, "पाणीच गार येयलंय."

"ते मला बी कळलं की रे बाबा. कामून येयलंय?"

योगीराजने गिझर उघडला. तापणाऱ्या कॉइलवर क्षारांचा एवढा थर होता की ती खडूची कांडी वाटत होती. कॉइल तापत होती, पण स्वतःपुरती. "ही बदलावी लागंल. परभणीहून येतीया. सोमवारी बघू," असे म्हणून तो गेला. मित्रांनो, सोमवार दूर होता.

गॅसवरचे पातेले बाळाला पुरले, सविताच्या कमरेला पुरेना. कोमट पाण्याने न्हाऊन ती कुडकुडत बाजेवर बसली आणि हळूच म्हणाली, "माय, राग नको मानू. मी सासरी जाते. तितं गरम पाणी तरी मिळतंय. बारसं तितंच करू."

बाळंतपणाला आलेली लेक गरम पाण्यासाठी सासरी परत जाते, हे बायनाबाईने कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगावे? ती उठली, जिन्याखाली आली, कांद्याची टोपली उतरवली आणि मला दोन्ही हातांनी ओढत अंगणात घेऊन गेली. इतक्या वर्षांत मला कुणी मिठी मारली नव्हती. ही मिठी नव्हती हे मला ठाऊक आहे, पण मी तशी धरली.

तिने आधी पाणी भरले. रिकामा बंब पेटवला तर त्याचे सांधे वितळतात, हे ती विसरली नव्हती. तोटी ठिबकत होती, तिला चिंधी गुंडाळली. जाळीवर तुराट्या रचून काडी लावली. विसरली ती एकच गोष्ट: नळकांड्यात डोकावायचे. वर चिमणीचे घरटे. धुराला जायला वाट नाही. तो खालूनच उलटला आणि अंगण, ओसरी, सविता, बायनाबाई सगळ्यांना घेरून गल्लीत उतरला.

समोरच्या घरातून सत्यशीलाबाईंनी आवाज दिला, "वहिनी, काय पेटलं वं?"

"बंब," धुरातून बायनाबाई खोकत म्हणाली. "बंब पेटलाय, बंब."

आता मित्रांनो, आमच्या भाषेत बंब दोन. एक मी, पाणी तापवणारा. दुसरा नगरपालिकेचा लाल, आग विझवणारा. सत्यशीलाबाईंना धूर दिसत होता आणि 'बंब, बंब' ऐकू येत होते. त्यांनी शेजारधर्म पाळून नगरपालिकेला फोन लावला.

"बंब पाठवा. इथं बंब पेटलाय म्हणायलेत."

"बाई, बंब तर इथं आमच्यासमोर उभा हाय."

"उभाच राहणार हाय का? पाठवा की मग."

सेलूत कापसाचा हंगाम, जिनिंगला कापसाचे डोंगर. या दिवसांत धुराला कुणी हसत नाही. घंटा वाजवत लाल बंब आला, गल्लीच्या तोंडाशी अडकला, आणि महारुद्र नावाचा जवान पाइप ओढत अंगणात धावला. त्याने पाइपाचे तोंड माझ्यावर रोखले. तेवढा एक क्षण मला दिवा होणे बरे वाटले. मी खोटे कशाला बोलू.

बायनाबाई पदर खोचून माझ्यापुढे उभी राहिली. "ए भाऊ, पाणी मारू नको."

"मावशी, बाजूला व्हा. आग हाय."

"आग असायलाच पायजे. बंब हाय त्यो."

महारुद्रने माझ्याकडे बघितले, मागे गल्लीत बघितले, परत माझ्याकडे बघितले. "मावशी, फोन आलाय. विझवल्याबगर मला जाता येत न्हाई."

"विझवलास तर माझी लेक आत्ताच्या आत्ता सासरी जाईल. तू येतोस का तिच्या सासूला सांगायला?"

जवानाने पाइप खाली केला. आगीला तो भीत नव्हता, पण सासू त्याच्या ड्युटीत बसत नव्हती. तेवढ्यात सविता बाळाला खांद्यावर घेऊन ओसरीवरून उतरली, आईच्या हातात बाळ दिले, कपडे वाळत घालायची काठी घेतली आणि माझ्या नळकांड्यात वरून घातली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा घरटे सुटले आणि जाळीवर पडून भुर्रकन जळाले. मी हुंकार दिला. लहानपणी हाच हुंकार ऐकून ती अंथरुणात उठून बसायची. धूर सरळ आभाळात गेला.

"आता वढायलाय बगा," महारुद्र खूश होऊन म्हणाला. मग त्याला साहेबांचा फोन आला. "हां साहेब. बंबच पेटला व्हता. न्हाई, आपला न्हाई. न्हाई साहेब, विझवला न्हाई. चांगला पेटलाय आता."

सविता त्या दिवशी कढत पाण्याने न्हाली. बायनाबाई तिच्या कमरेवर तांब्यामागून तांब्या ओतत होती आणि न्हाणीघरातून वाफ येत होती. मग आतून सविताचा आवाज आला, "माय, बारसं इथंच करू. आन् संक्रांतीपर्यंत राहिले तर चालंल का?"

"चालंल," बायनाबाई म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता; वाफेने होतो तसा.

तेवढ्यात शिवशंकर ड्रिल मशीनवाल्याला घेऊन आला. भोक कुठे पाडायचे ते दाखवायला त्याने ऐटीत माझ्या पोटावर तळहात ठेवला. मी सहज बाजूला होऊ शकलो असतो असे नाही, पण झालो असतो असेही नाही.

"माय, हे गरम हाय की," तो हात झटकत म्हणाला.

"बंब हाय. गार राहायला त्यो काय तुजा गिझर हाय?"

तीन दिवस शिवशंकरही गार पाण्यानेच न्हात होता. फक्त घरचा कर्ता म्हणून कुडकुडणे त्याला शोभत नव्हते. त्याने ड्रिलवाल्याकडे बघितले नाही. अगदी खालच्या आवाजात विचारले, "एखादी बादली राहिली का गं?"

ड्रिलवालाही गेला नाही. मशीन ओसरीवर ठेवून माझ्यापुढे शेकत बसला.

गिझर सोमवारी नीट झाला. मला आनंद आहे. त्याचे माझे भांडण नाही, त्याच्यात जीव कमी आहे एवढेच. पण मी अंगणातच आहे, रोज पेटतो आहे. बारशाच्या पाहुण्यांनी हातपाय माझ्याच पाण्याने धुतले.

तर मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती वगैरे काही नाही. ऐकून ठेवा. तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याची कीव करू नका. त्याची राख काढा, नळकांडे झटका, आधी पाणी आणि मग विस्तव हा क्रम पाळा. गिझर असेल तर त्याचेही पोट वर्षातून एकदा उघडून बघा, बिचाऱ्याला स्वतःहून सांगता येत नाही. घासून-पुसून कपाटावर ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. ज्याला जपायचे त्याला कामाला लावा. आणि मला बघायला यायचे असेल तर जरूर या, पण फोटो काढायला नाही. टॉवेल घेऊन या.