चौरस्त्यावरची पाटी

"दोन्ही! लेका ड्वेन, दोन्ही पास!" लाईल गोठ्याच्या दारातूनच ओरडला आणि बिचकलेल्या गायीने माझ्या गुडघ्यावर लाथ झाडली.

"हळू की जरा," मी सडांना लावलेलं यंत्र सावरत म्हटलं. "पान्हा चोरतील त्या."

लाईल हा ऑरिनचा धाकटा भाऊ. शेत ऑरिनचं, गायी ऑरिनच्या, आणि गेली बावीस वर्षं आजूबाजूच्या गावांत मी 'ऑरिनचा गडी' म्हणून ओळखला जातो. गड्याची खोली माडीवर आहे. तिच्यात हिवाळ्यासाठी भोपळे ठेवतो आम्ही. मी खाली ऑरिनच्या खोलीत झोपतो, पहिल्या वर्षापासून. हे गावात कुणाकुणाला कळलं असेल, बोललं कुणीच नाही. लाईलला मात्र कळलेलंच नाही, किंवा त्याने ते कळूच दिलं नाही स्वतःला.

त्याने मला मिठी मारली. शेणाच्या हातांसकट मी तसाच उभा. "मारिटला न्याय मिळणार रे," म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हुंदके द्यायला लागला.

मारिट त्याची मुलगी. पेट्रोल पंपावर कामाला होती. दोन वर्षांपूर्वी एक जण गल्ला लुटायला आला आणि तिला मारून गेला. तो आता तुरुंगात जन्मठेप भोगतोय. आमच्या विस्कॉन्सिन राज्यात दीडशे वर्षं फाशी नाही. या पोरीला दूध काढायला मी शिकवलं होतं, ट्रॅक्टरही मीच. ती गेल्यापासून लाईल नुसता घरात बसून असायचा. फाशी परत आणावी का, हे यंदा लोकांना मतपत्रिकेवर विचारणार असं ठरलं, तेव्हा कुठे तो उठला. फळी आणली, रंग आणला, स्वतः पाटी रंगवली: 'मारिटसाठी. फाशीला हो म्हणा.' मागची बाजू कोरी राहत होती. त्याच मतपत्रिकेवर दुसराही प्रश्न होता, त्याचा मजकूर चर्चच्या मंडळींनी दिला. लाकूड वाया का घालवावं, म्हणून त्याने तोही रंगवला: 'लग्न एक पुरुष आणि एक स्त्री यांचंच. हो म्हणा.'

आमचं शेत चौरस्त्यावर. खांब तिथेच पुरला. डेअरीच्या गाड्या गावातून येताना मारिटचं नाव वाचायच्या. दुसरी बाजू आमच्या स्वयंपाकघराकडे होती. सप्टेंबरपासून रोज सकाळी कॉफी ओतताना मी ती वाचत होतो.

"काढ ती," मी ऑरिनला म्हटलं होतं.

"मारिटचं नाव आहे रे त्यावर. कशी उपटू?" तो म्हणाला. मग त्यानेच शब्द दिला, "मतदान होऊ दे. मी काढीन. दिवसाढवळ्या काढीन, आणि का काढली ते लाईलला तोंडावर सांगेन."

बावीस वर्षांत मी त्याच्याकडे एवढं एकच मागितलं होतं.

मतदानाला आम्ही एकाच गाडीतून गेलो. फाशीच्या प्रश्नाला मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं असं नाही, पण मारिट डोळ्यांसमोर होती आणि लाईलला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. त्याने काय दिलं मला? जाऊ दे.

आणि आता तो माझ्या खांद्यावर रडत होता. पहाटे मी रेडिओ ऐकला होता. फाशीबद्दलचा कौल हा नुसता सल्ला होता, सरकारने तो मानला तर मानला. दुसरा मात्र थेट राज्यघटनेत जाणार होता. हे त्याला सांगावं असं आलं मनात. पण कित्येक महिन्यांनी झोप लागलेल्या माणसासारखा चेहरा होता त्याचा.

ऑरिन चाऱ्याची ढकलगाडी घेऊन आत आला. आम्हाला बघून थांबला.

"ऑरिन, पाटी इतक्यात काढू नकोस हं," लाईल डोळे पुसत म्हणाला. "हरणाच्या शिकारीला सगळे येतील. दिसू दे तिचं नाव लोकांना."

मी ऑरिनकडे बघितलं. ऑरिनने चाऱ्याकडे बघितलं.

"हं," तो म्हणाला.

शुक्रवारी लाईलने आम्हाला गावातल्या खानावळीत जेवायला नेलं. आमच्याकडे शुक्रवार म्हणजे तळलेली मासळी, कोबीची कोशिंबीर, राईचा पाव आणि अर्धं गाव. ब्रँडीचा ग्लास घेऊन लाईल उभा राहिला.

"आता आपल्या ड्वेनला बायको शोधा रे! कायदाच झालाय. बाईच पाहिजे, दुसरं काही चालायचं नाही!"

टेबल खदखदून हसलं. ऑरिनही हसला. जरा उशिरा, जरासंच, पण हसला. मी माशाचे काटे काढत बसलो. लाईलची बायको बेव तेवढी हसली नाही. तिने पावाची टोपली माझ्यापुढे सरकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घे, गरम आहे."

चिडून उठून जावं असं ठरवत होतो, तेवढ्यात लाईल शेजारी येऊन बसला. माझ्या मानेवर हात ठेवला.

"मारिटचं मचाण यंदा तू घे. दोन वर्षं मी तिथं कुणाला चढू दिलं नाही. तू घरचाच आहेस."

असल्या माणसाचं काय करायचं, सांगा मला. "बसेन," मी म्हटलं.

परतताना गाडी ऑरिन चालवत होता.

"हसलास तू."

"मग काय करायला हवं होतं? त्याच्याकडे दुसरं काय उरलंय, ड्वेन?"

"आणि माझ्याकडे?"

गाडीच्या उजेडात आमची पाटी आली आणि मागे गेली.

"शिकार संपली की काढतो," तो म्हणाला.

शिकार झाली. शिकाऱ्यांचा नारिंगी कोट घालून मी मारिटच्या मचाणावर बसलो. खालून हरणं गेली, मी बंदूक उचलली नाही. त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. मग एका दुपारी ऑरिन पहार घेऊन चौरस्त्यावर गेला. दिवसाढवळ्या गेला, हे मान्य करायला हवं. मी खिडकीतून बघत होतो. त्याने खांबाच्या बुडाशी पहार दोनदा मारली. मग पलीकडे, मारिटच्या नावाच्या बाजूला जाऊन, फळीवर हात ठेवून उभा राहिला. आणि परत आला.

"जमीन गोठली," बूट काढता काढता म्हणाला. "आता एप्रिलशिवाय हलत नाही तो खांब."

"करवत आहे की गोठ्यात."

तो माडीवर गेला. भोपळ्यांच्या खोलीत त्याच्या आईची पेटी आहे, तिचं झाकण करकरल्याचं मी ऐकलं.

दुसऱ्या सकाळी दूध काढून मी घरात आलो, तर ऑरिन स्वयंपाकघरात खुर्चीवर चढलेला. तोंडात खिळे, हातात हातोडी. आमच्या त्या खिडकीला कधी पडदा नव्हता. बघणार कोण, गायी? आता तिथे त्याच्या आईच्या टेबलावरचं फुलांचं कापड लटकत होतं, मधोमध फाडून, वेडीवाकडी टीप मारून. बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ना पाटी, ना रस्ता, ना शेत.

"कसं वाटतंय?" वळून न बघता त्याने विचारलं.

खूप काही तोंडाशी आलं. खुर्ची डुगडुगत होती. वसंतात हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून डॉक्टरने त्याला चढउतार बंद सांगितली आहे.

"डावीकडे उतरलाय," मी म्हटलं.

"आता?"

"अजून थोडा वर घे."

आणि तो पडू नये म्हणून मी खुर्ची दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.