माईंच्या हातातली ग्रामसभा

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे, तरी आवाज अजून खणखणीत आहे. केळव्याजवळच्या एका गावात, सुपारीच्या वाडीतल्या घरात, मी माईंजवळ राहतो. त्यांचा एकुलता एक मुलगा शैलेश नोकरीसाठी न्यूझीलंडला निघाला, तेव्हा त्यानेच मला त्यांच्या हातात ठेवलं.

सुरुवातीला तो रोज विचारायचा, "माई, जेवलीस का?" मग गावकऱ्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि शैलेश त्यात रमला. रस्ता कुठे खचला, कोणता सदस्य फुटला, हे त्याला तिकडे बसून आमच्या आधी कळू लागलं. फोन येत राहिला, पण प्रश्न बदलले. "माई, बळवंत कुणाच्या बाजूने आहे गं?" माई आठवून आठवून सांगायच्या. सांगण्यासारखं संपलं की फोन बंद होईल, अशी त्यांना धास्ती वाटे.

गेल्या हिवाळ्यात ग्रामसभेपुढे एक ठराव आला. गावचं तळं बुजवून पर्यटकांच्या गाड्यांसाठी जागा करायची. त्या तळ्याच्या पाण्यावर तर वाड्या जगतात. शैलेशने तिकडून घरोघरी फोन केले, एकेकाला समजावलं. सभेच्या दिवशी माईंनी मला दोन्ही हातांनी उंच धरलं. व्हिडिओ कॉलवर माझ्या पडद्यावरून शैलेश बोलला आणि सभा शांत झाली. ठराव पडला. लोक माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवू लागले. मित्रांनो, मला फार अभिमान वाटला.

तेवढ्यात बळवंत उठला. तो शैलेशचा शाळेतला मित्र, पण ठरावाच्या बाजूचा.

"शैलेश, तल्याचं सगलं तुला ठाव हाय," तो शांतपणे म्हणाला. "माईच्या डोल्याचं ऑपरेशन झालं, ते ठाव हाय का? आमी नेलं तिला पालघरला."

शैलेशचा चेहरा उतरला. माझा कॅमेरा सभेकडे होता. काळा चष्मा लावलेल्या माई त्याला दिसतच नव्हत्या. "माई?" त्याने हाक मारली. माईंनी घाईघाईने मला पदराखाली घेतलं.

घरी जाताना त्या बळवंतला म्हणाल्या, "चार माणसांत असं नाय बोलायचं रे. तिकडं त्याला कोन हाय? गावाचं बोलतो, तेवढाच माणसांत असतो."

बळवंतने त्यांचा हात धरून त्यांना ओट्यावर चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शैलेशचा फोन आला. तळ्याचं नावही निघालं नाही.

"दुखतं का गं?"

"नाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं नाय."

मग सांगण्यासारखं संपलं. पण त्या दिवशी त्याने फोन ठेवला नाही. माई सुपाऱ्या सोलत बसल्या. तिकडून भांड्यांचा आवाज येत होता. तो एकट्यापुरतं काहीतरी शिजवत होता. माझी बॅटरी संपेपर्यंत दोघं तसेच राहिले.

मित्रांनो, तुमचंही कुणी दूर असेल, तर माझ्या भाऊबंदांमार्फत गावाची खबर जरूर घ्या, सभेत जरूर बोला. पण पलीकडे ज्याने फोन हातात धरला आहे, त्याची चौकशी आधी करा. ती मला करता येत नाही.