पुलावरून माघार

सकाळपासून अठराव्यांदा ती तुकडी पुलावरून पळत सुटली आणि अठराव्यांदा रुचितानं कपाळाला हात लावला. दहांपैकी पाच सैनिक पडले, की उरलेले पाच बंदुका टाकून, हात वर करून, 'आऽऽ' असं किंचाळत पाच दिशांना पांगायचे. त्यांच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत शब्द उमटायचा : पळपुटे. पडलेले पाच जण तीन सेकंदांत जमिनीत विरून जायचे.

रुचिता ठाण्यात कोलशेतच्या एका गेम कंपनीत टेस्टर होती. दिवसभर तोच गेम खेळायचा आणि त्यातल्या चुका लिहून द्यायच्या. ऐकणाऱ्याला वाटे, काय मजेची नोकरी आहे. माघार घेणारे सैनिक असे वागत नाहीत, अशी नोंद तिनं आतापर्यंत तीनदा केली होती आणि डिझाइनचा प्रमुख सुशांत यानं तिन्ही वेळा 'हरकत नाही' असा शेरा मारून ती बंद केली होती. जाहिरातीत मात्र ठसठशीत लिहिलं होतं, 'खऱ्या युद्धाचा खरा अनुभव'.

शनिवार होता म्हणून ती डोंबिवलीजवळ कोपरच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती.

"पडलेली माणसं कुठं गेली?"

तिनं मागं वळून पाहिलं. लसूण सोलता सोलता आप्पा केव्हाचे मागं येऊन उभे होते.

"गायब होतात, आप्पा. स्क्रीनवर गर्दी नको म्हणून."

"मेलेली का जखमी?"

"तसं काही नसतं त्यात. पडलेली, बस."

आप्पा लसूण घेऊन आत गेले.

तिचे वडील, सहदेव, मूळचे खटाव तालुक्यातले. सतरा वर्षं फौजेत, हवालदार म्हणून बाहेर पडले. त्यानंतर वीस वर्षं डोंबिवलीतल्या एका पतपेढीच्या दारात वॉचमन. बिल्डिंगमधले लोक त्यांना 'फौजी' म्हणत, सव्वीस जानेवारीला झेंडा त्यांच्याच हातून चढवत. ते झेंडा चढवत, पण 'दोन शब्द बोला' म्हटलं की पेढा हातात घेऊन घरी येत. रुचितानंही लहानपणी खूप विचारून पाहिलं होतं. मग सोडून दिलं.

सोमवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून चपला शोधत होते.

"कुठे निघालात?"

"तुझ्या हापिसात. त्या 'हरकत न्हाई' लिवनाऱ्या मानसाला जरा भेटतो."

"आप्पा, प्लीज. तिथे कोणी ऐकत नाही. मी सांगून सांगून थकले."

"मग मी बी थकतो. चल."

ती वाटभर धुमसत राहिली.

सुशांत तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं आप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः गेम लावून दाखवला. तुकडी पळाली, ती किंचाळी आली आणि सवयीनं दोघं-तिघं हसले.

"असं पळत न्हाईत," आप्पा म्हणाले.

"काका, मोराल, म्हणजे धीर, संपला की युनिट पळतं. सगळ्याच गेममध्ये असं असतं. आपण हरतोय हे प्लेअरला लगेच कळायला पाहिजे ना."

"निम्मी पडली की उरलेल्यांना दुसरंच काम असतं."

"कुठलं?"

आप्पांनी हॉलभर नजर फिरवली. "हितं सगळ्यात जड कोण हाय?"

सगळ्यांची बोटं प्रफुल्लकडे गेली. पंच्याऐंशी किलोचा प्रफुल्ल ॲनिमेशन करायचा. ती हात वर करून पळणारी माणसं त्यानंच केली होती. आप्पांनी त्याला फरशीवर आडवं व्हायला सांगितलं. तो हसत हसत झाला. आप्पा गुडघ्यावर बसले, त्याचा एक हात मानेमागून घेतला, एक मांडी धरली, आणि कण्हत उठले तेव्हा प्रफुल्ल त्यांच्या खांद्यावर होता. भराभर मोबाइल निघाले.

"आप्पा, कंबर जाईल तुमची," रुचिता चिडून म्हणाली.

"गप."

ते टेबलांच्या मधून निघाले. वाटेत एक खुर्ची होती. ती बाजूला करायचं कोणालाच सुचलं नाही. आप्पा थांबले, पायानं ती सारली, पुन्हा चालू लागले. चहाच्या पँट्रीच्या दाराशी ते पोचले. त्यांनी प्रफुल्लला सावकाश खाली ठेवलं, फरशी लागू नये म्हणून डोक्याखाली तळहात धरून. प्रफुल्ल आता हसत नव्हता.

"दीड मिनिट लागलं," कोणीतरी मोबाइल बघून म्हणालं.

"सपाट फरशीवर," आप्पा भिंतीला टेकून म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "आमचा डोंगर होता. एक जण मागं थांबून गोळ्या झाडत होता, तवर मी एकाला खाली आणला. वर पडलेल्या दुसऱ्यासाठी परत निघालो, तर सायबांनी जाऊ दिलं न्हाई." शर्ट सारखा करत ते म्हणाले, "पळालो नव्हतो."

मोबाइल खाली झाले. एकतीस वर्षांच्या आयुष्यात यातलं एक अक्षर रुचितानं ऐकलं नव्हतं, आणि आता ते ती ऑफिसातल्या बारा जणांबरोबर ऐकत होती.

सुशांतनं चष्मा काढून पुसला. "काका, मला पटतंय. पण हे उचलणं, नेणं, सगळं नव्याने करायचं म्हणजे तीन महिने. रिलीज अठरा दिवसांवर आलंय. आणि लोक लिहितील, युनिट स्लो आहे, ऑर्डर ऐकत नाही."

"मग जाहिरातीतलं 'खरं' तरी काढ," रुचिता म्हणाली.

"ते माझ्या हातात नाही गं."

"तुझ्या हातात आहे तरी काय मग?"

त्यानं स्क्रीनवरच्या पिवळ्या अक्षरांकडे बोट केलं. "तो शब्द. शब्द बदलता येईल. काय लिहू, काका?"

"माघार."

सुशांतनं तिथल्या तिथे बदल केला आणि लढाई पुन्हा चालवली. पाच माणसं हात वर करून किंचाळत पाच दिशांना पळाली आणि त्यांच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत आलं : माघार. रुचितानं हात पुढं करून स्क्रीनच बंद केला.

"ती किंचाळी मी काढून टाकतो," प्रफुल्ल त्या दोघांजवळ येऊन हळूच म्हणाला. "त्याला कोणाला विचारावं लागत नाही."

संध्याकाळी आप्पांना खुर्चीतून उठता येईना. रुचिता मागं उभी राहून त्यांच्या खांद्याला बाम चोळत होती आणि बोलत होती. "एकसष्टाव्या वर्षी कोणी सांगितलेलं तुम्हाला? आणि मिळालं काय, तर एक शब्द. उद्या तोही बदलतील."

"ती किंचाळी काढून टाकतो म्हनला की त्यो पोरगा."

तिनं बोटावर आणखी बाम घेतला. मग तिनं विचारलं, "तो दुसरा कोण होता, आप्पा?"

"मधू. आपल्याच गावचा. एकाच दिवशी भरती झालेलो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

आप्पांनी टेबलावरचं बामचं झाकण हातात घेतलं.

"गावाकडं फोन करशील तवा यातलं काही काढू नको," ते म्हणाले. "मधूची आई हाय अजून. तिला सांगितलंय, मधू पडला तवा मी जवळ नव्हतो म्हणून."

रुचिताचा हात थांबला.

"चोळ," आप्पा म्हणाले. "जरा खाली."