सहाशे डॉलरांचा पुरावा

अर्लन कोस्केलाला आजवर कुणी तोंडावर खोटारडा म्हटलं नव्हतं. अमेरिकेच्या उत्तरेला, सरोवराकाठच्या डुलुथमध्ये कुणी कुणाला असं म्हणतच नाही. इथली माणसं फार सभ्य. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी आधी हवापाण्याची चौकशी करतील आणि मग म्हणतील, "तुमच्याकडे आज जरा ऊब जास्त आहे, नाही?" त्यामुळे दोन हिवाळ्यांपूर्वी अर्लनने पक्षीमंडळाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, की आपण बंदरातल्या बर्फावर हस्तिदंती कुरव पाहिला, तेव्हा कुणी हसलं नाही. कुणी भुवईसुद्धा उचलली नाही. मंडळाचा अध्यक्ष कर्टिस आल्ग्रेन तेवढा म्हणाला, "अरे वा! असेल बुवा, असेलही." आणि चिटणीस बेव्हने विचारलं, "कॉफी कुणाला हवीय?"

संपलं. चारचौघांत एवढं झालं, की इथे माणूस आयुष्यातून उठला म्हणून समजावं.

हस्तिदंती कुरव हा उत्तर ध्रुवाकडचा पक्षी. पांढराशुभ्र, पाय मात्र काळे, जणू कोळशाच्या वखारीतून चालत आलाय. तो आपला बर्फ सोडून इतका दक्षिणेला यायचा, तर वाट चुकूनच. अर्लनने तो पाहिला होता. काळे पाय पाहिले होते, चोचीचं पिवळं टोक पाहिलं होतं. नव्हता तो फक्त फोटो. आणि मंडळाचा दंडक असा, की ज्याचा फोटो नाही तो पक्षी आलाच नाही.

तेव्हापासून अर्लनने साधं बदक पाहिलं म्हटलं तरी लोक मान डोलवत, "असेल बुवा." कागद गिरणीत अख्खी हयात गेली, पण त्याने कधी अर्ध्या तासाचा जादा पगार खोटा लावला नव्हता. आता म्हातारपणी एका पाखराने त्याला थापाड्या ठरवलं होतं. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. रात्री जेवताना तो मधेच काटा खाली ठेवी आणि म्हणे, "काळे पाय होते गं त्याचे."

"होते बाबा होते," बायको मार्लिस म्हणे. "बटाटे गार होतायत."

शेवटी यंदाच्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याने जाहीर केलं, की आपण कॅमेरा घेणार. डीएसएलआर. आणि त्याच्यावर लांब पल्ल्याची टेलिफोटो लेन्स.

"घे की," मार्लिस म्हणाली. "पाणी तापवायची टाकी बदलून सहाशे डॉलर उरलेत. त्यात बसव."

सहाशे डॉलरांत टेलिफोटो म्हणजे दोन रुपयांत वरात. अर्लनला हे ठाऊक नव्हतं. तो भाबडेपणाने कॅमेरावाल्यांच्या इंटरनेटवरच्या चावडीवर गेला आणि तिथे आपला प्रश्न मांडला. विचारलं सरळ होतं, की कोणता घेऊ? तासाभरात एवढे सल्ले आले, की पाहुण्यांच्या गर्दीत नवरदेव हरवावा तसा मूळ प्रश्नच हरवला. एक म्हणाला, कॅमेऱ्याचं काही नसतं, सगळं लेन्समध्ये असतं. दुसरा म्हणाला, लेन्सचं काही नसतं, सगळं माणसाच्या डोळ्यात असतं, आणि खाली आपल्या पाच हजार डॉलरच्या लेन्सचा फोटो डकवला. तिसऱ्याचा मंत्र होता, "एकदाच घ्या, एकदाच रडा." चौथ्याने विचारलं, "पक्षी किती लांब असेल?" अर्लनने लिहिलं, अडीचशे यार्ड. "बजेट?" सहाशे. त्यावर चौथ्याचं उत्तर आलं, "मग जवळ जा."

"आणि हे सगळे म्हणतायत, डीएसएलआर आता मेलाय," अर्लन कपाळाला हात लावून म्हणाला. "आतला आरसा नसलेला नवा प्रकार, मिररलेस, तो घ्या म्हणतायत."

"मेलेल्याचं स्वस्तात मिळत असेल तर तेच घे," मार्लिस म्हणाली. "माझ्या आईचा सोफा आपण तसाच आणला."

म्हणून अर्लन पूल ओलांडून पलीकडच्या गावातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेला. तिथल्या पोराने त्याच्यापुढे एक जुना, पण नीटस कॅमेरा ठेवला. त्या कंपनीचा सगळ्यात साधा. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून एक लेन्स काढली. जाडजूड, धातूची, वजनाला भरलेल्या किटलीएवढी. दोन्ही मिळून सहाशेच्या आत. अर्लनच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

"ही ह्याच्यावर बसेल ना?" त्याने विचारलं.

"बसेल म्हणजे काय साहेब, टिच्च बसेल."

आणि बसली. टक् असा आवाज होऊन बसली. पोरगा खोटं बोलला नव्हता. अर्लनने 'बसेल का' विचारलं होतं, 'चालेल का' विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर खिडकीतून त्याने शेजाऱ्याच्या कुत्र्यावर नेम धरला. कुत्रं धूसर. बटण दाबून पाहिलं, अर्धं दाबून पाहिलं, हळू दाबून पाहिलं, प्रेमाने दाबून पाहिलं. कुत्रं धूसरच. पुन्हा चावडीवर गेल्यावर उलगडा झाला. फोकस साधायला लहानशी मोटर लागते. काही लेन्सच्या पोटात ती असते. जुन्या लेन्समध्ये नसते, त्यांची भिस्त कॅमेऱ्यातल्या मोटरवर. आणि कंपनीने सगळ्यात साध्या कॅमेऱ्यातून ती मोटर काटकसर म्हणून काढून टाकली होती. वरपक्षाला वाटत होतं जेवण वधूपक्ष देणार, वधूपक्षाला वाटत होतं वरपक्ष देणार, आणि मांडवात चूलच पेटली नव्हती.

"मग परत कर ना," मार्लिस म्हणाली.

"असं कसं परत करू? त्या पोराला वाईट वाटेल."

मार्लिसही इथलीच. तिने यावर वाद घातला नाही. हातानेही फोकस करता येतोच; लेन्सवरची कडी फिरवायची की झालं. अर्लनने महिनाभर कुत्र्यावर सराव केला. कुत्रं बसलेलं असलं तर चारांतला एखादा फोटो बरा येई. कुत्रं उठलं की खेळ खलास. पण अर्लनची समजूत अशी, की पुरावा काही सुबक असायला लागत नाही. काळे पाय दिसले की पुरे.

जानेवारीत ऐन कडाक्यात, पारा शून्याच्या वीस अंश खाली असताना, तो बंदराच्या धक्क्यावर उभा होता. आणि समोरच्या बर्फावर, एका मेलेल्या माशाच्या बाजूला, तो बसला होता.

 अर्लनने आधी दुर्बिणीतून पाहिलं. पांढरा. काळे पाय. चोचीला पिवळं टोक. मग त्याने कॅमेरा उचलला आणि कडी फिरवू लागला. जाड हातमोज्यात ती कडी सापडेना. हातमोजा काढला, तर बोटं लाकडासारखी झाली. श्वास डोळ्याजवळच्या काचेवर जाऊन गोठला. आत पांढरा बर्फ, पांढरा पक्षी आणि पांढरं धुकं, यांतलं कुठलं काय हे कळायला मार्ग नव्हता. तो बटण दाबत सुटला.

तेवढ्यात मागे गाडी थांबली आणि कर्टिस आल्ग्रेन उतरला. त्याच्या गळ्यात ती प्रसिद्ध लेन्स होती. बंब म्हणावा एवढी, जिच्या किमतीत अर्लनच्या घराचं छप्पर बदलून झालं असतं. कर्टिसने अर्लनच्या नजरेच्या रोखाने पाहिलं आणि जागीच थिजला.

"अर्लन," तो कुजबुजला. "तो..."

"हो."

आता खरं तर कर्टिसने आपला बंब उचलून पाच फोटो ओढायचे आणि विषय संपवायचा. पण पक्षी ज्याने आधी पाहिला, पहिला फोटो त्याचा, ही पक्षीवाल्यांची रीत. आणि अर्लनचा कॅमेरा रुसलाय हे कर्टिसला दिसत होतं. त्याने गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा लेन्ससकट पुढे केला.

"घे. माझ्याने काढ."

आता इथली दुसरी रीत. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदाही 'नको'. तिसऱ्यांदा आग्रह झाला की 'बरं, तू म्हणतोसच तर' म्हणून घ्यायचं. पहिल्या फेरीतच हात पुढे करतो तो हावरट. अर्लनला ही रीत आईच्या दुधाबरोबर मिळाली होती.

"नको नको," तो म्हणाला. "तूच काढ."

"अरे नाही रे. तू पाहिलास आधी. घे."

"छे छे, एवढी महागडी वस्तू. पडली बिडली तर? काढ तू."

"तसं काही नाही रे, घे, खरंच—"

तिसरा आग्रह कर्टिसच्या ओठांवर आला होता आणि 'बरं, तू म्हणतोसच तर' अर्लनच्या. दोघांचेही हात हवेत होते, मधे तो बंब. तेवढ्यात पक्षी उठला. त्याला कुणी आग्रह केला नव्हता. पंख दोनदा झटकून तो सरळ सरोवराच्या वर गेला, तिथल्या वाफेत शिरला आणि नाहीसा झाला.

दोघांचे हात खाली आले.

"तस्साच," कर्टिस शेवटी पुटपुटला. "अगदी त्याच्यासारखा."

"कुणासारखा?"

कर्टिस बोलून चुकला होता. त्याने पट्टा परत गळ्यात घातला, काढला, पुन्हा घातला. "दोन वर्षांपूर्वीच्या. मी गाडीत होतो त्या दिवशी, तिकडे, रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या ढिगाऱ्यापाशी. तू मला पाहिलं नाहीस."

"तू पाहिला होतास?"

"कॅमेरा घरी होता, अर्लन. फोटो नव्हता ना माझ्याकडे."

घरी आल्यावर अर्लनने मार्लिसला सगळं सांगितलं. ती हातातलं फडकं ओट्यावर टाकून ऐकत राहिली.

"मग तू काय म्हणालास त्या मेल्याला?"

"गाडी सावकाश चालव म्हटलं. रस्ता घसरडा आहे."

"अर्लन!" मार्लिस ओरडली. चाळीस वर्षांच्या संसारात ती तिसऱ्यांदा ओरडली असेल. "दोन वर्षं तुला झोप नाही, आणि तो सगळं माहीत असून खुर्चीत बसून 'असेल बुवा' म्हणत होता! आणि तू त्याला रस्ता घसरडा आहे सांगून आलास?"

 त्या रात्री अर्लनने बटाट्यांना हात लावला नाही.

पुढच्या मंगळवारी चर्चच्या तळघरात मंडळाची बैठक होती. कॉफी होती, खजुराच्या वड्या होत्या, अठरा-वीस सभ्य माणसं होती. अर्लनने उठून सांगितलं, की हस्तिदंती कुरव पुन्हा आला होता, आणि सोबत आणलेले फोटो पडद्यावर दाखवले. पांढऱ्यावर पांढरं, त्यावर थोडं आणखी पांढरं. सगळ्यांनी डोळे बारीक करून पाहिले.

"बर्फ सुंदर आलाय," कुणीतरी म्हणालं.

"उजेड किती छान पकडलाय!" दुसऱ्याने भर घातली.

"त्या वेळी कर्टिस माझ्या शेजारी उभा होता," अर्लन म्हणाला.

सगळ्या माना कर्टिसकडे वळल्या. कर्टिसने वडीचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि गिळला. एवढ्या वेळात इंजिन गरम झालं असतं. "होतो खरा," तो म्हणाला. "पण मी आपला कॅमेऱ्याच्या बटणांत गुंतलो होतो. बर्फावर कुरव होते काही. आपले नेहमीचेच असावेत, नाही का? असेल बुवा, अर्लन म्हणतोय तर तसंही असेल."

अर्लनचे कान तापले. त्याला खाली बसायचं होतं. सबंध आयुष्य तो अशा वेळी खालीच बसत आला होता. पण गुडघे वाकेनात.

"कर्टिस," तो म्हणाला, "तू खोटं बोलतोयस."

तळघरात अशी शांतता झाली, की कॉफीच्या भांड्याची गुरगुर ऐकू यावी. हे वाक्य या गावात कुणी कुणाला म्हटल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं. एका बाईने पर्स छातीशी धरली. बेव्हने घाईघाईने वड्यांचं ताट उचललं आणि कुणाला द्यावं हे न कळून परत ठेवलं.

"तू या वेळचा पाहिलास," अर्लन म्हणाला.  "आणि मागचाही पाहिलास. लोक मला थापाड्या समजतात हे तुला दिसत होतं. तुला फक्त एक शब्द बोलायचा होता, कर्टिस. त्याला लेन्स लागत नाही."

कर्टिस लाल झाला, मग पांढरा पडला. त्याच्यासारखी माणसं अशा वेळी घड्याळ बघतात, पण त्याने घड्याळ बघितलं नाही. तो समोरच्या पडद्याकडे बघत राहिला, त्या गिचमिड पांढऱ्याकडे.

"पाहिला," तो म्हणाला. "दोन्ही वेळा. काळे पाय होते त्याचे. अर्लन खरं सांगतोय, पहिल्यापासून. मला भीती वाटली, की मलाही तुम्ही असंच 'असेल बुवा' म्हणाल."

  शेवटी चिटणीस या नात्याने बेव्हनेच घसा साफ केला आणि पेन सरसावलं.

"बरं," ती अगदी मायेने म्हणाली, "मग फोटो आहे का तुमच्यापैकी कुणाकडे?"

"नाही," दोघंही एकदमच म्हणाले. आणि अर्लन पहिल्यांदाच कर्टिसच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला.