लमुलमावशींच्या दारातला बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे, मित्रांनो. बँकॉकमधल्या एका अरुंद गल्लीत, लमुलमावशींच्या स्वस्त लॉजच्या दारात माझा मुक्काम. माझ्या फळ्या मूळच्या एका नावेच्या. कालव्यातून भाताची पोती वाहण्यात त्यांचे निम्मे आयुष्य गेले. पुढे कालवा बुजवून रस्ता झाला, नाव निकामी झाली, तेव्हा मावशींच्या नवऱ्याने त्या फळ्या ठोकून मला घडवले. तो वारल्यावर मावशी आणि त्यांचा एकुलता एक मुलगा पून, दोघेच लॉज चालवू लागले.

पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन पहिल्यांदाच या शहरात आलेली पोरे आधी माझ्यावर कोसळतात. रिक्षावाला फसवील म्हणून रणरणत्या उन्हात चालत येतात. कोणी डोक्यावरच्या तारांचे गुंते बघून विचारतो, "हे पडणार तर नाही ना?" कोणी गटाराच्या वासाने नाक दाबतो, आणि शेजारच्या कढईत तुळस-मिरची पडली की लगेच सोडतो. कितीतरी देशांचे 'हुश्श' मी ऐकले आहेत! कोणी माझा फोटो काढला की अंगावर मूठभर मांस चढायचे. पण त्यांच्या घामाने आणि ओल्या टॉवेलांनी मी आतून कुजत होतो, ते कोणाच्या ध्यानात येत नसे.

एका एप्रिलची गोष्ट मात्र मनातून जात नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये एकवीस वर्षांच्या पोरांना सैन्यभरतीची चिठ्ठी काढावी लागते. काळी निघाली तर सुटका, लाल निघाली तर दोन वर्षे सैन्यात. त्या दिवशी पूनची पाळी उद्यावर आली होती. सरहद्दीवरच्या चकमकींच्या बातम्या ऐकून मावशींचा जीव टांगणीला लागला होता.

माझ्या शेजारी खांबावर जागेच्या राखणदाराचे इवलेसे देऊळ आहे. सकाळी मावशींनी तिथे लाल सरबताची बाटली उघडून, नळी घालून ठेवली आणि नवस बोलल्या, "काळी निघू दे रे बाबा. माझं पोर माझ्याजवळ राहू दे."

दुपारी रादेक आला. चेक देशातला, पूनच्याच वयाचा. ऊन डोक्यात गेलेले, घशाला कोरड पडलेली. समोर नळी घातलेली बाटली दिसली. पाहुण्यांसाठीच ठेवली असणार, असे त्याला वाटले. एका दमात त्याने ती रिकामी केली आणि वर आपले ओले मोजे देवळाच्या छपरावर वाळत घातले!

तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. "अगं बाई गं! हे काय केलंस रे मुडद्या? राखणदाराच्या तोंडचं प्यायलास?"

"आई, जाऊ दे गं," पून हसत म्हणाला. "आज राखणदाराचा उपास असेल."

"थट्टा सुचतेय तुला? उद्या कळेल!"

मावशींनी काठीने मोजे खाली पाडले, दुसरी बाटली आणून ठेवली. पूनने सगळे समजावून सांगितले, तेव्हा रादेकचा चेहरा पडला. "मला माहीत नव्हतं हो मावशी," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं." मावशींनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

दुसऱ्या दिवशी पून परतला. त्याच्या चालण्यावरूनच मी ओळखले.

"लाल," तो म्हणाला.

मावशी माझ्यावर मटकन बसल्या. रादेक दारातच उभा होता. "माझ्यामुळे झालं का रे?" त्याने विचारले.

"वेडा आहेस का? चिठ्ठी मी काढली, माझ्या हातानं." पून असे म्हणाला खरा, पण आईकडे बघायचे त्याचे धाडस होईना.

सरबताने चिठ्ठी बदलते का, हे मला कळत नाही. मी पडलो लाकूड. पण मावशींना कोणाला तरी बोल लावायचा होता, आणि समोर रादेक होता. तो बिचारा सॅक पाठीला अडकवून निघाला.

"थांब," मावशी म्हणाल्या. मला वाटले, आता शिव्यांची लाखोली वाहणार. "तुझी आई कुठं असते?"

"घरी."

"पोचल्याचं कळवलंस तिला?"

"राहूनच गेलं," रादेक म्हणाला.

"आत्ता फोन लाव. माझ्यासमोर लाव."

त्याने फोन लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, आधी रागावलेला, मग रडवेला. ती भाषा आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. मावशी मात्र ऐकता ऐकता तोंड फिरवून ढसाढसा रडल्या. पून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

आता पून लांबच्या छावणीत आहे आणि मावशी एकट्याच दार सांभाळतात. माझा एक पाय वाळवीने पोखरला आहे. शेजारीण सारखी म्हणते, "फेकून द्या हो ते लाकूड, प्लास्टिकच्या खुर्च्या घ्या." मावशी म्हणतात, "पून आला की दुरुस्त करील."

मित्रांनो, परक्या गावात दमूनभागून याल, तेव्हा दारात मांडलेल्या वस्तूला हात लावण्याआधी घरच्या माणसाला विचारा. ती कोणी कशासाठी मांडली आहे, ते तुम्हांला ठाऊक नसते. माझ्यावर खुशाल टेका, पण जरा हळू बसा. पून येईपर्यंत मला उभे राहायचे आहे.