उताराच्या तोंडाशी

"काका, बाजूला व्हा. मुहूर्त टळतोय!" म्हणत श्रीनिवासने पद्माकरांना असं ढकललं की म्हातारा टायरांच्या ढिगावर जाऊन आदळला. ओठ फुटला. तोंडात रक्ताची चव आली.

साताऱ्यात चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. मुलाकडे सिंगापूरला राहायला आला आणि मुलाच्या या मित्राची जुनी अमेरिकन गाडी उभी करण्यात त्याने दीड वर्ष घातलं. गिअरबॉक्स मिळाला तर काचा नाहीत. कार्बोरेटरने तर आठ महिने तंगवलं. आता एकच भाग यायचा होता, ब्रेकचा मास्टर सिलिंडर. त्याच्यावाचून ब्रेकचं पेडल नुसतं खाली जाई. आणि जुरोंग ईस्टमधलं हे वर्कशॉप होतं तिसऱ्या मजल्यावर. रस्त्यापर्यंत सगळा वळणावळणाचा उतार.

पण आज दसरा. बॉनेट उघडून इंजिनाला हळदीकुंकू लावलेलं, चारी चाकांखाली लिंबं. पुढच्या सीटवर श्रीनिवासची सात वर्षांची ऋग्वेदा.

"अरे, लिंबापुरती चार हात ढकलू की," पद्माकर उठत म्हणाले. "खाली नेऊ नको. ब्रेक नाहीये तिला!"

"हँडब्रेक आहे ना? ढकललेल्या गाडीचा कसला दसरा? आज ईस्ट कोस्टला समुद्रावर जाणारच. तुम्ही आपले नटबोल्ट पिळा."

"मग पोरीला तरी उतरव."

"आजोबा सो स्केअर्ड लाह!" ऋग्वेदा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत खिदळली.

श्रीनिवासने चावी फिरवली. इंजिन गरजलं, पत्र्याचं शटर थरथरलं. तो बॉनेट लावायला खाली उतरला, तोवर पद्माकरांनी घण उचलला होता.

पहिल्या घावात कार्बोरेटरला तडा गेला. इंजिन आचके देऊ लागलं.

"म्हाताऱ्या! वेड लागलं का?" श्रीनिवासने हाताला लागला तो पाना त्यांच्या मनगटावर हाणला. हाड कडकन मोडलं. पद्माकरांनी घण डाव्या हातात घेतला. दुसऱ्या घावात कार्बोरेटरचे तुकडे उडाले. इंजिन बंद पडलं. पेट्रोलचा भपकारा आला.

पाना पाठीत बसला, मग बरगडीत. पद्माकर गुडघ्यावर आले, पण बॉनेटसमोरून हलले नाहीत. गाडीचं दार धाडकन उघडलं. ऋग्वेदा किंचाळत खाली उतरली आणि भिंतीला जाऊन चिकटली.

तिचे दोन्ही पाय जमिनीवर पाहून पद्माकरांनी घण सोडला. श्रीनिवास मारतच होता.